जिओकॅशिंग : उगम आणि शिष्टाचार

कोणीतरी दडविलेली लहानशी पेटी अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधून काढणे, आतील वहीत आपली नोंद करणे आणि पेटी पूर्ववत ठेवून परतणे, असे जिओकॅशिंग या छंदाचे स्वरूप आहे.

या कल्पनेचे बीज जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड माळरानावर क्रॅनमिअर पूल नावाची दुर्गम जागा आहे. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली तेथे एक बरणी ठेवली. तेथवर पोहोचणारे प्रवासी तीत आपल्या नावाचे कार्ड टाकीत.

या शोधाला उपग्रहांची जोड मिळाली ती २००० साली. तोवर अमेरिकेच्या जी. पी. एस. उपग्रहांचे नागरी वापराचे संकेत हेतुपुरस्सर सदोष ठेवले जात व त्यामुळे सुमारे १०० मीटरांपर्यंत चूक होत असे. मे महिन्याच्या आरंभी हा दोष काढून टाकण्यात आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराजवळ पुस्तके, किरकोळ वस्तू व नोंदवही असलेली बादली रानात दडविली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांना सापडली.

पुढे या छंदाचे शिष्टाचार ठरत गेले. जमिनीच्या मालकाची अनुमती घेतल्यावाचून पेटी ठेवू नये. त्यासाठी जमीन खणू नये. आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, कारण वासाने प्राणी पेटी फोडतात. वस्तू घेतल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी. झाकण घट्ट लावावे, अन्यथा पाणी शिरून वही भिजते. पेटीवर तिचा हेतू स्पष्ट लिहावा. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी येथे अशी एक पेटी बॉम्ब असल्याच्या संशयावरून बॉम्बनाशक पथकाकरवी नष्ट करण्यात आली. एकाच्या खेळापायी इतरांस भय वा त्रास होऊ नये, हे यावरून ध्यानी यावे.

भूगोलाच्या शिक्षकांस अक्षांश-रेखांशांचा पाठ या रीतीने शाळेच्या आवारातच देता येईल. मात्र विद्यार्थ्यांनी प्रथम हे नियम शिकावेत. या पेटीला ना कुलूप असते, ना राखणदार. मागाहून येणाऱ्या अपरिचितासाठी ती जशी मिळाली तशीच ठेवणे, हाच या छंदाचा पाया होय.