जहाजाची कप्तान मुलगी असेल तेव्हा

आईबाबांनो, टहरौलीपासून समुद्र शेकडो मैल लांब. झाशी जिल्ह्यातल्या आपल्या मुलांना मोठं पाणी ठाऊक आहे ते बेतवा आणि धसानचं. तरीही मोबाईलवर चाच्यांचा सिनेमा पाहून झाला की अंगणातल्या खाटेचं जहाज होतंच. तो खेळ एकदा लांबून बघा. मुलगा कप्तान असतो आणि मुलगी पळवून आणलेली राजकन्या. ही वाटणी कुणी शिकवलेली नसते. पडद्यावर दिसतं ते मुलं उचलतात.

तुमच्या मुलांच्या पणजीच्या काळात मात्र आपल्याच माणसांनी वेगळं जहाज हाकलं होतं. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अमर ज्योती' आला १९३६ साली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि चाच्यांची म्होरकी सौदामिनी झाल्या होत्या दुर्गा खोटे. पोटच्या मुलावरचा आईचा हक्क कायदा नाकारतो, म्हणून सौदामिनी राज्याविरुद्धच उभी ठाकते आणि न्यायमंत्री दुर्जयाला पकडून आणते. मला या सिनेमात सगळ्यात आवडतं ते हे, की सौदामिनी तिथे एकटी बाई नाही. शांता आपटेंची राजकन्या नंदिनी आहे, अभिनेत्री वासंतीही एका भूमिकेत आहे. सौदामिनी सुडाने पेटलेली, नंदिनी प्रेमात पडलेली. बायकाही वेगवेगळ्या मतांच्या असतात, एवढं तरी त्यातून कळतं. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

पुढे १९९५ साली हॉलिवूडने जीना डेव्हिसला चाच्यांची कप्तान केलं. 'कटथ्रोट आयलंड' सपाटून पडला आणि 'बाईच्या नावावर असा सिनेमा चालत नाही' असं म्हणायला लोकांना निमित्त मिळालं. पुरुष कप्तानाचे किती सिनेमे आपटले, तेव्हा पुरुषांना कुणी घरी बसवलं? परीक्षेत मुलगी नापास झाली की 'मुलींना गणित जमत नाही' म्हणणारे आपणच, तेव्हा हॉलिवूडला तरी काय बोलायचं!

पण नायिका बाई झाली की सगळं साधलं, असंही नाही. तिच्या शेजारी कोण उभं आहे, त्याला नाव आहे का, हेही बघायला हवं. झाशीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९५३ साली सोहराब मोदींनी मेहताबला घेऊन 'झाँसी की रानी' काढला. नाव, पोस्टर, घोडा, सगळं राणीचं. पण राणीच्या शेजारी उभी राहिलेली, भोजला गावच्या कोरी समाजातली झलकारीबाई राणीसारखी दिसायची आणि राणीचा वेष घेऊन तिने इंग्रजांना झुलवलं, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तिच्यावर टपाल तिकीट निघालं ते थेट २००१ साली. २०१९च्या 'मणिकर्णिका'त अंकिता लोखंडेंनी तिची भूमिका केली, पण सिनेमा पाहून आलेल्या किती मुलांना तिचं नाव आठवतं, ते घरीच विचारून बघा.

म्हणून सिनेमा संपला की 'आवडला का?' एवढ्यावर थांबू नका. 'तुला यातलं कोण व्हायला आवडेल?' असं विचारा. मुलगी राजकन्या म्हणाली तर रागावू नका, आणि मुलाने कप्तान बाईचं नाव घेतलं तर हसू नका. तो हसण्यासारखा प्रकार नाही. आजी समोर असेल तर तिलाही उत्तर द्यायला लावा.

पुढच्या वेळी मुलांना झाशीच्या किल्ल्यावर न्याल, तेव्हा राणीने घोड्यासह उडी घेतली असं सांगतात ती जागा दाखवून लगेच खाली उतरू नका. तोफची गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी त्याच किल्ल्यात आहेत. तिथे पाच मिनिटं थांबा आणि ती तिन्ही नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.