निळ्या उजेडातली लाल गाठ

सिग्नल आणि नॉइज हा धडा आपण बहुतेक सबमिशनपुरताच वाचतो. मेंदूच्या सर्जनला मात्र तो ऑपरेशनच्या टेबलावर सोडवावा लागतो. घातक ग्लायोमा ही मेंदूतली गाठ बोरातल्या आठळीसारखी वेगळी काढता येत नाही. पाण्यात शाई पसरावी तशी ती निरोगी भागात शिरलेली असते. तिच्या कडेला, पांढऱ्या उजेडात, गाठ आणि मेंदू जवळजवळ सारखेच दिसतात. कमी कापलं तर गाठ लवकर परत वाढते. जास्त कापलं तर पेशंटची वाचा किंवा एखादा हात जाऊ शकतो. मग थांबायचं कुठे?

इथे फ्लोरेसन्स म्हणजे प्रतिदीप्ती कामाला येते. काही रेणू प्रकाश शोषून घेतात, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली ऊर्जा जास्त तरंगलांबीच्या प्रकाशात परत देतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे मांडलं. बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरल्यावर तिच्यातले धागे चमकतात, ते याच तत्त्वावर.

या शस्त्रक्रियेत भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी पेशंटला ५-अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड पाण्यातून पाजतात, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम. हा पदार्थ परका नाही, आपलं शरीरही तो बनवतं. त्यातून पुढे प्रोटोपॉर्फिरिन-९ तयार होतं आणि त्याच्या मधोमध लोह बसलं की रक्तातलं हीम होतं. आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या बांध्यांमधल्या हिरव्यागार धानातही हीच साखळी चालते. तिथे एका फाट्यावर लोहाऐवजी मॅग्नेशियम बसतं आणि पुढे क्लोरोफिल बनतं. गाठीच्या पेशींमध्ये लोह बसवण्याचं काम मंदावलेलं असतं, हे एक कारण, म्हणून तिथे प्रोटोपॉर्फिरिन साचतं. हीम असं चमकत नाही, पण हे चमकतं.

आता आपल्या आवडीचा भाग. मायक्रोस्कोपमधून साधारण ४०० ते ४१० नॅनोमीटरचा निळा-जांभळा उजेड टाकतात. परत येणारा लाल उजेड ६३५ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि फार क्षीण असतो. म्हणून डोळ्यासमोरचा फिल्टर परावर्तित निळा बहुतेक अडवतो आणि लाल जाऊ देतो. निरोगी मेंदू निळसर दिसतो, गाठ लालभडक, तर विरळ पसरलेली कड गुलाबी.

होस्टेलवर करून बघायचं असेल तर तपकिरी कवचाचं अंडं आणि नोटा तपासायचा टॉर्च घ्या. अंधारात कवच लालसर चमकेल. त्यात हेच प्रोटोपॉर्फिरिन असतं. फक्त टॉर्च डोळ्यांत मारू नका.

जर्मनीतले वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३२२ पेशंट घेतलेल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. एमआरआयमध्ये चमकणारी गाठ पूर्ण निघाल्याचं प्रमाण या पद्धतीत ६५ टक्के होतं, तर नुसत्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्के. सहा महिने रोग न वाढलेले पेशंट ४१ टक्के, तर दुसऱ्या गटात २१ टक्के. एकूण आयुष्यात मात्र त्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत २०१७ मध्ये याला मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधले डॉ. अलियासगर मोइयादी आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचा भारतातला अनुभव शोधनिबंधांतून मांडला आहे. ऑपरेशन चालू असतानाच्या अल्ट्रासाउंडवरही त्यांचं काम आहे.

दोन्ही का लागतात? कारण उजेड फक्त पृष्ठभाग दाखवतो. वर रक्त किंवा मेंदूचाच पातळ थर आला की सिग्नल गेला. आत खोलवर काय उरलंय ते अल्ट्रासाउंड सांगू शकतो. शिवाय कमी घातक ग्लायोमा बरेचदा चमकतच नाहीत. म्हणजे लाल दिसलं तर तिथे बहुधा गाठ आहे, पण लाल दिसलं नाही म्हणून गाठ नाही असं म्हणता येत नाही. आणि लाल भाग वाचेच्या केंद्राला चिकटलेला असेल, तर तो दिसत असूनही सर्जनला सोडावा लागतो.

आपल्यापैकी कुणी उद्या असा सेन्सर किंवा कॅमेरा बनवेल. तेव्हा एवढं लक्षात ठेवूया: यंत्र गाठ कुठे आहे ते दाखवेल, पण हात कुठे थांबवायचा हे पेशंटला ओळखणाऱ्या माणसानेच ठरवायचं असतं.