गळ्यातली ग्रंथी आणि पोटातले बाळ

बाळापूरची एखादी गरोदर सून अकोल्याला रक्त तपासून येते. कागदावर लिहिलेले असते, टीएसएच वाढला. डॉक्टरांनी एक बारीक गोळी दिलेली असते. घरात लगेच बोलणे सुरू होते. "पोटुशी बाईनं गोळ्या कायले खाव्या? लेकराले बाधतीन ना!" सासूबाईंची काळजी खरी आहे. पण ही गोळी कशाची, ते आधी समजून घेऊ.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड म्हणतात. ती एक रस तयार करून रक्तात सोडते. अंगाची ऊब आणि ताकद त्या रसावर चालते. बाळाच्या मेंदूची वाढही त्यावरच होते. हा रस कमी पडला, तर तोच रस गोळीतून द्यायचा. गोळीत दुसरे काही औषध नसते.

सरकी पेरली की कोंब आधी बियातल्या साठ्यावर जगतो. मूळ धरले की मग तो जमिनीतून घेतो. बाळाचेही तसेच आहे. पहिले तीन महिने त्याची ग्रंथी कामाला लागलेली नसते. रस आईकडूनच यायचा. म्हणून दिवस गेल्याचे कळताच दवाखान्यात नाव नोंदवावे. पाचव्या महिन्यापर्यंत थांबण्याची रीत आम्हांला मुळीच पटत नाही. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांना फुकट तपासतात. ही सोय २०१६ साली सुरू झाली.

आता टीएसएच म्हणजे काय? मजूर ढिला पडला की मुकादम जास्त ओरडतो. टीएसएच ही मुकादमाची हाक समजा. ती मेंदूखालच्या ग्रंथीतून येते. हाक वाढली, म्हणजे गळ्यातली ग्रंथी कमी काम करते. थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर सूज ही लक्षणे गरोदरपणातही असतात. म्हणून नुसते पाहून कळत नाही, रक्तच तपासावे लागते.

रस फार कमी असेल, तर गोळी घेतलीच पाहिजे. नाहीतर गर्भ पडण्याची किंवा दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती असते. थोडाच कमी असेल, तर डॉक्टरांतही दोन मते आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा आयांची मुले पाच वर्षांची झाल्यावर पाहिली. काही आयांना गोळी दिली होती, काहींना नव्हती. मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही, असे त्यांनी २०१७ साली छापले. पण तिथे बहुतेकींची गोळी चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू झाली होती. लवकर दिली तर काय, ते त्यावरून ठरत नाही. म्हणून डॉक्टर आकडा पाहतात. आधी गर्भ पडला होता का, घरात कोणाला हा आजार आहे का, तेही विचारतात. मग ठरवतात. शेजारणीला गोळी दिली नाही म्हणून आपली बंद करू नये.

गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. पुढे निदान अर्धा तास चहा नाही. वऱ्हाडात हेच सर्वांत अवघड! आशाताई देतात त्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या हिच्यासोबत घेऊ नयेत. त्या पोटात हिला अडवून धरतात. चार तासांचे अंतर ठेवावे. त्या गोळ्या बंद मात्र करू नयेत. सोयाबीनचे पदार्थही गोळीपासून दूरच ठेवावेत. साधारण दर चार आठवड्यांनी रक्त तपासून गोळी कमी-जास्त करतात.

ग्रंथीला रस करायला आयोडीन लागते. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात लोक म्हणतात, "आमचं तं पाणीच खारं, आयोडीनचं मीठ काहून?" पाण्याच्या खारटपणावरून आयोडीन कळत नाही. पुडीतल्या मिठात ते वेगळे घातलेले असते. हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात गलगंड फार होता. डॉक्टर रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून तिथे असे मीठ देऊन पाहिले, आणि गलगंड कमी झाला. मीठ मात्र नेहमीइतकेच खावे. आणि मीठ बदलले म्हणून गोळी सोडू नये.

बाळंत झाल्यावर गोळी किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारावे. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचीही थायरॉइड तपासता येते. ती तपासणी दवाखान्यात विचारून करून घ्यावी.