दंतकथेची घडण : डेव्हिड क्रॉकेट आणि डेव्ही क्रॉकेट



दंतकथा नायकाच्या मृत्यूनंतर, लोकांच्या तोंडून, सावकाश रुजते असे आपण सहसा गृहीत धरतो. अमेरिकेतील डेव्हिड क्रॉकेटचे उदाहरण हे गृहीतक तपासायला लावते. त्याची दंतकथा त्याच्या हयातीतच रंगभूमीने आणि छापखान्याने घडवायला घेतली होती.

प्रथम नावाकडे लक्ष द्या. तो स्वतः सही करताना 'डेव्हिड' असे लिही. दंतकथेने मात्र 'डेव्ही' हे सलगीचे रूप रूढ केले. या पाठात आपण माणसाला डेव्हिड आणि दंतकथेतील नायकाला डेव्ही म्हणू.

डेव्हिडचा जन्म १७ ऑगस्ट १७८६ रोजी आजच्या टेनेसी राज्यात एका गरीब कुटुंबात झाला. गोऱ्यांची वस्ती जेथे विरळ होत जाई आणि मूलनिवासी जमातींचा प्रदेश सुरू होई, अशा सरहद्दीवर तो वाढला. शालेय शिक्षण त्याला जेमतेमच मिळाले. अस्वलांची शिकार आणि रंगवून गोष्टी सांगण्याची हातोटी यांमुळे त्याचे नाव झाले व १८२७ मध्ये तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला.

१८३१ मध्ये जेम्स कर्क पॉल्डिंग याचे एक विनोदी नाटक रंगभूमीवर आले. त्यातील कातड्याची टोपी घालणारा बढाईखोर शिकारी म्हणजे क्रॉकेटच, हे प्रेक्षकांनी ओळखले. १८३३ मध्ये त्याच्याविषयी एक पुस्तक निघाले. त्याला उत्तर म्हणून १८३४ मध्ये डेव्हिडने थॉमस चिल्टन या सहकाऱ्याच्या साहाय्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत तो आपल्या शुद्धलेखनाचे आणि व्याकरणाचे मिस्किल समर्थन करतो. त्या आधीच्या पुस्तकाने आपल्या तोंडी भलतीच भाषा घातली, अशीही त्याची तक्रार आहे. भाषेच्या अभ्यासकाने येथे अवश्य थांबावे. स्वतःची बोली आणि इतरांनी रचलेली 'आपली' बोली यांतील फरक या अल्पशिक्षित माणसाला नेमका कळला होता. अर्थात, आत्मचरित्रातही राजकीय प्रचाराचा हेतू होताच.

१८३५ ते १८५६ या काळात 'क्रॉकेट पंचांगे' निघत राहिली. तिथी-वार आणि हवामानाच्या माहितीसोबत त्यांत डेव्हीच्या अचाट कथा असत. एका कथेत पृथ्वीचा आस थंडीने गोठतो. डेव्ही अस्वलाच्या चरबीने तो मोकळा करतो आणि सूर्योदयाचा तुकडा खिशात घालून घरी परततो. कल्पना मोहक आहे. पण याच पंचांगांत मूलनिवासी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोकांची क्रूर टवाळीही आहे, हे नजरेआड करू नका.

आता डेव्हिडकडे परत येऊ. १८१३ मध्ये क्रीक जमातीविरुद्धच्या युद्धात तो सैनिक होता. टॅलुशॅची गावात शेहेचाळीस योद्धे शिरलेले एक घर सैनिकांनी जाळले. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या तळघरात भाजून निघालेले बटाटे भुकेल्या सैनिकांनी खाल्ले. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १८३० मध्ये मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हटवण्याचा कायदा आला, तेव्हा टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी एकट्या डेव्हिडने विरोधी मत दिले. १८३१ची निवडणूक तो हरला. १८३३ मध्ये जिंकला, १८३५ मध्ये पुन्हा हरला. पंचांगातील डेव्हीला ना ते बटाटे आठवतात, ना ते मत. माझ्या मते त्याच्या चरित्रातील ही दोन्ही सर्वांत बोलकी स्थळे आहेत.

नंतर तो टेक्सासला गेला. सॅन अँटोनिओ येथील अलामो या जुन्या मिशनच्या तटबंदीत, मेक्सिकन सैन्याच्या वेढ्यात, ६ मार्च १८३६ रोजी त्याचा अंत झाला. डेव्ही अखेरपर्यंत बंदूक फिरवत लढतो. मेक्सिकन अधिकारी होसे एनरिके दे ला पेन्या याच्या नावावरील आठवणींनुसार मात्र तो पकडला गेला आणि सांता आना या सेनापतीच्या हुकमाने मारला गेला. या आठवणींच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत वाद झाला आहे. मूळ स्पॅनिश मजकूर १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आला. योगायोग असा की, त्याच सुमारास डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे अमेरिकेतील असंख्य मुले रॅकूनच्या कातड्याच्या टोप्या घालून 'डेव्ही' होऊन खेळत होती.

स्वाध्याय : आत्मचरित्र, पंचांग आणि शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याच्या आठवणी या तीन साधनांत निवेदक कोण आणि अपेक्षित वाचक कोण, ते लिहा. त्यावरून प्रत्येकाने काय गाळले असावे, याची चर्चा करा.