आवाज मध्येच का तुटतो? चिपसेट, यूएसबी आणि पीसीआय समजून घेऊ



कविता, गोष्टी, श्रुतलेखन यांचं रेकॉर्डिंग आता आपण संगणकावरच करतो. पण ऐकताना मध्येच 'टक्' असा आवाज येतो, अक्षर तुटतं. 'क' आणि 'ख' यांतला फरक हवेच्या एका छोट्याशा झोताचा असतो. तोच गेला तर मूल चुकीचं ऐकतं. मग माइक बिघडला म्हणून आपण नवा घ्यायला निघतो. बऱ्याचदा दोष माइकचा नसतो, माहिती वेळेवर न पोहोचण्याचा असतो.

चिपसेटचं काम

मदरबोर्डवरचा चिपसेट प्रोसेसर, मेमरी आणि जोडलेली उपकरणं यांच्यात देवाणघेवाण घडवतो. यूएसबीचा कंट्रोलर बहुतेक वेळा चिपसेटमध्येच असतो.

यूएसबी : हजेरीची पद्धत

इथे उपकरण आपणहून बोलू शकत नाही. बाई हजेरी घेतात तसं कंट्रोलर नाव घेतो, मगच ते उत्तर देतं. साध्या माइकची पाळी सेकंदाला 1000 वेळा येते. 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 च्या वेगवान उपकरणांसाठी ती 8000 वेळा येऊ शकते.

एका माइकचा आवाज (48,000 नमुने, प्रत्येकी 16 बिट) सेकंदाला 7,68,000 बिट होतो. जुन्या यूएसबीची क्षमताही 1 कोटी 20 लाख बिट आहे. म्हणजे रस्ता अरुंद नाही!

पेन ड्राइव्हची माहिती चुकली तर ती पुन्हा पाठवली जाते. आवाजासाठी पाळी राखीव असते, पण चुकलेलं पुन्हा पाठवलं जात नाही. गेलं ते गेलंच.

पीसीआय : थेट फळ्यावर

पीसीआय 1992 साली इंटेलने आणलं. त्यातलं साउंड कार्ड हजेरीची वाट पाहत नाही. फळा मोकळा झाला की स्वतः उठून लिहिणाऱ्या मुलासारखं ते थेट मेमरीत माहिती ठेवतं. मात्र जुन्या पीसीआयमध्ये सगळ्या कार्डांना मिळून सेकंदाला सुमारे 133 मेगाबाइटचा एकच रस्ता होता. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र मार्गिका मिळते.

मग आवाज तुटतो कुठे?

मेमरीत आलेला आवाज प्रोसेसरने वेळेत उचलायला हवा. तोवर तो बफरमध्ये थांबतो. 256 नमुन्यांचा बफर जेमतेम 5 मिलिसेकंद पुरतो, 1024 नमुन्यांचा सुमारे 21 मिलिसेकंद. तेवढ्यात वायफाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून ठेवला, की 'टक्'!

करून पाहा

1. माइक हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.
2. रेकॉर्डिंग चालू असताना पेन ड्राइव्हवर कॉपी करू नका. वायफाय बंद ठेवा.
3. बफर 1024 करा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थोडा उशिरा येईल, पण रेकॉर्डिंग तुटण्याची शक्यता कमी होईल.
4. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, व्ह्यू मेनूत, 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा. कोणतं उपकरण कोणत्या कंट्रोलरवर आहे ते दिसतं. माइकसोबत गर्दी असेल तर पोर्ट बदला.

एवढं करूनही आवाज तुटला, तर माइक दुसऱ्या संगणकावर लावून बघा. तिथेही तुटला तरच नव्या माइकचा खर्च करा.