बॉनेटखालचा उंदीर आणि वायरिंगचे बिल

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते, आणि बॉनेटखाली ऊब, आडोसा, वायरी असे सगळेच आयते मिळते. नव्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून बनवलेला पदार्थ असतो म्हणून उंदीर लागतात, असा आरोप करत २०१६ साली अमेरिकेत टोयोटाविरुद्ध दावा दाखल झाला. होंडाने वायरींवर गुंडाळायला मिरचीतले तिखट द्रव्य लावलेली टेप विकायला काढली. पण जुन्या प्लॅस्टिकच्या वायरीही उंदरांनी कधी सोडल्या नव्हत्या.

प्रस्तुत लेखकाची गाडी पुण्यात ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या कचराकुंडीलगत काही दिवस उभी होती. सुरू करताच चेक इंजिनचा दिवा लागला. बॉनेट उघडले, तर बॅटरीच्या कडेला लेंड्या आणि शेंगांची टरफले. सर्व्हिस सेंटरने अख्खे हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलण्याचे एस्टिमेट हाती ठेवले. लेखकाने आग्रह धरला, की कुरतडलेली प्रत्येक वायर आधी दाखवा. निघाल्या मोजक्याच, सेन्सरकडे जाणाऱ्या. ऑटो इलेक्ट्रिशियनने त्या सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि तेवढ्यावर काम भागले.

दर वेळी असे भागत नाही. एअरबॅगची वायरिंग, जी बहुधा पिवळ्या आवरणात असते, ती जोडकामावर सोडू नये. आणि पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवूच नये. उंदीर इंधनाचा पाइपही कुरतडतात. शेजारी उघडी पडलेली तार असेल तर एक ठिणगी पुरते. अशी गाडी टो करूनच न्यावी.

विम्याचे गणित मात्र शांतपणे मांडायला हवे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असली तरी तिच्यातले अपवाद आधी वाचावेत. फोटो काढून कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एकही वायर काढू देऊ नये. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. पण सहसा एका क्लेमने तो शून्यावर येतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कव्हर, नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. हे सगळे वजा केल्यावर छोट्या जोडकामासाठी क्लेम करणे बहुधा तोट्याचेच ठरते.

साफसफाईची घाई करू नये. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. लेंड्या झाडू नयेत, हवेच्या झोताने उडवू तर मुळीच नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्याने उचलाव्यात. गाडीत विष ठेवणेही टाळावे, कारण डॅशबोर्डमागे मेलेला उंदीर काढायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो. एसीची हवा आत जाते त्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही आत शिरतो. तंबाखूची पाने ठेवणारे बरेच आहेत, पण वास उडाला की ती निरुपयोगी. त्यापेक्षा गाडी कचऱ्यापासून लांब लावावी आणि दर दोन-तीन दिवसांनी हलवावी.