पाळणाघराचा खर्च कोणीं सोसावा?

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवीत व मग कामावर जात. त्यांना दोष देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, घरीं मुलाजवळ बसणारें माणूस बहुधा नसे आणि खाडा केला तर मजुरी बुडे.

या दुःस्थितीवर उपाय म्हणून १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें, जेथें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर ठेवण्याचें बंधन घातलें. खोली उजेडाची, हवेशीर व स्वच्छ असावी, आणि ती बालसंगोपनाचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या हातीं असावी, अशी अट होती. १९७६ सालीं पन्नासांचा आंकडा तिसांवर आला. हेतु स्तुत्य खरा. परंतु मोजणी स्त्रियांची होती! एकतिसावी स्त्री कामावर घेतली कीं पाळणाघराचा सगळा खर्च मालकाच्या माथीं येई. मग तिसांवरच थांबण्याचा मोह त्याला कां होऊं नये? मुलाच्या रक्षणासाठीं केलेला नियम असा आईच्याच पोटावर पाय देऊं शके.

२०१७ सालीं प्रसूतिलाभाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, तींत पुरुष व स्त्रिया मिळून पन्नास नोकर असा हिशेब धरला, आणि अनेकांनीं मिळून एकच पाळणाघर चालविण्यासही मोकळीक ठेविली. बदल लहानसाच, पण मर्म ओळखून केलेला.

खर्च जड वाटतो तर अटीच सैल कराव्या, असें कोणी म्हणेल. येथें तारतम्य हवें. मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं दिल्लींत इमारतीच्या कामावरील मजुरांच्या मुलांसाठीं पाळणाघर काढलें, तें साध्या तंबूंत. पक्क्या भिंतींचा आग्रह धरला असता तर तीं मुलें वाळूच्या ढिगावरच राहतीं. भिंतीवांचून भागलें, लक्ष ठेवणाऱ्या बाईवांचून भागलें नसतें. रांगत्या मुलाला अर्धी बादली पाणीही बुडावयास पुरतें.

आतां गल्लोगल्लीं घरच्या घरीं चार-सहा मुलें सांभाळणाऱ्या बाया आहेत. त्यांना कारखान्याचे नियम लावले तर बहुतेक दारें बंद होतील. तेथें मूल ठेवणाऱ्या पालकांनीं प्रथम मोरींतली बादली व शेगडीची जागा पाहावी, एका बाईकडे किती मुलें आहेत तें विचारावें, आणि मग महिन्याच्या पैशांची घासाघीस करावी.